घरकुलाचं अनुदान आणि घरातला उकाडा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात आम्हाला घरकुल मंजूर झालंय. सोलरसाठी वेगळे पैसे मिळतात, हे खरं का? आणि उन्हाळ्यात घर तापू नये म्हणून त्या पैशांत काय करता येईल?

उत्तर : खरं आहे. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागासाठी मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये आहे. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये त्यात ५० हजारांची भर घातली. त्यातले ३५ हजार बांधकामाला मिळतात. उरलेले १५ हजार मात्र छतावर एक किलोवॉटपर्यंतचं सोलर बसवलं तरच. पीएम सूर्यघर योजनेचं एक किलोवॉटचं ३० हजारांचं अनुदान आहेच.

आता उकाड्याचं. त्यासाठी वेगळा छदामही कुणी देत नाही, म्हणून जे करायचं ते पाया खणण्याआधी ठरवा. विदर्भात उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्र उलटली तरी खाली उष्णता सोडत राहतो. माणसं अंगणात बाज टाकून झोपतात ती यामुळेच. स्लॅबला पाणी उतरेल असा ढाळ द्या, वॉटरप्रूफिंग करा आणि वर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवून घ्या. टाइल्सच्या दुकानात फुटका माल स्वस्तात मिळतो. तेही जमत नसेल तर दरवर्षी होळीच्या आसपास गच्चीला चुन्याचे दोन हात मारा. खर्च किरकोळ आहे आणि फरक पहिल्याच रात्री जाणवतो.

दुसरी गोष्ट पश्चिमेची भिंत. तिथे झोपायची खोली नको. संडास-बाथरूम त्या बाजूला घ्या, म्हणजे दुपारचं ऊन तेच झेलतील. खिडक्या समोरासमोर ठेवा आणि प्रत्येकीवर सज्जा काढा. हे सगळं गवंड्याला तोंडी न सांगता जमिनीवर फक्की मारतानाच दाखवा, कारण भिंत उभी राहिल्यावर खिडकी हलत नाही. पॅनलचा सांगाडा थोडा उंच घेतलात तर स्लॅबला सावलीही मिळते.

प्रश्न : पुण्यात आमची चाळीस वर्षं जुनी सोसायटी आहे, बहुतेक सभासद निवृत्त. इमारत ऊर्जाबचतीची करून घ्यायला सरकारी मदत आहे का?

उत्तर : भिंती, गच्ची किंवा खिडक्या सुधारण्यासाठी थेट अनुदान नाही. शहरी आवास योजनेचा भर घर बांधण्यावर किंवा घेण्यावर आहे, जुनी इमारत सुधारण्यावर नाही. माझ्या मते ही मोठी उणीव आहे, कारण शहरांतली असंख्य माणसं पुढची वीस-पंचवीस वर्षं आज उभ्या असलेल्या इमारतींतच राहणार आहेत.

तुम्हाला मिळू शकतं ते सोलरचं. सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८ हजार रुपये आहेत. मर्यादा प्रत्येक घरामागे ३ आणि एकूण ५०० किलोवॉट. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांसाठी १५ किलोवॉट बसवलेत तर २ लाख ७० हजार अनुदान झालं. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी गच्ची लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते, हा हिशेब सर्वसाधारण सभेपुढे ठेवा.

पण क्रम चुकवू नका. आधी स्ट्रक्चरल ऑडिट, मग गच्चीचं वॉटरप्रूफिंग, वर पांढरा उष्णतारोधक थर आणि शेवटी पॅनल. गळती राहिली तर दोन पावसाळ्यांनी सगळा सांगाडा उचकटावा लागतो आणि तो खर्च सभासदांच्याच माथी येतो. ठेकेदाराला घाई असते, तुम्हाला नसावी.

ऑडिटमध्ये पुनर्विकासच करावा असं निघालं तर गणित बदलतं. मुंबई महापालिका हद्द सोडून राज्यात बहुतेक ठिकाणी लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत हरित इमारतीला मूळ एफएसआयवर (भूखंडाच्या तुलनेत किती बांधकाम करता येतं, ते प्रमाण) ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय मिळतो. त्याचा फायदा बिल्डर घेणार असेल, तर बदल्यात गच्चीला कोणता थर, भिंतीला कोणता ब्लॉक, खिडक्या केवढ्या, हे विकास करारात लिहून घ्या.

प्रश्न : शहरी आवास योजना २.० मधून फ्लॅट घेतोय. ऊर्जा वाचवणाऱ्या इमारतीला जास्त सबसिडी मिळते का?

उत्तर : नाही. व्याज अनुदान इमारत पाहून ठरत नाही. ३५ लाखांपर्यंतचं घर, २५ लाखांपर्यंतचं कर्ज आणि त्यातल्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत. म्हणजे भट्टीसारखा तापणारा फ्लॅट आणि थंड राहणारा फ्लॅट, दोघांना सारखेच पैसे. सरकारने हा भेद करायला हवा असं मी ठामपणे म्हणेन.

तोवर चौकशी तुम्हीच करा. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची ‘इको निवास संहिता’, म्हणजे घरांसाठीची ऊर्जाबचतीची नियमावली, २०१८ पासून आहे. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत बाहेर उघडणाऱ्या खिडक्या-दारांच्या मोकळ्या भागाचं क्षेत्रफळ घराच्या चटईक्षेत्राच्या सुमारे एक षष्ठांश हवं, असं ती सांगते. ४०० चौरस फुटांच्या घराला हे साधारण ६७ चौरस फूट झाले. सरकत्या खिडकीचा फक्त निम्मा भाग उघडतो, तेव्हा टेप घेऊन जा आणि तेवढाच मोजा. सर्वांत वरच्या मजल्याचा फ्लॅट असेल तर गच्चीला उष्णतारोधक थर आहे का, हे लेखी विचारा.

परवडणाऱ्या घरांत हे जमतं, याचा दाखला राजकोटला आहे. तिथल्या ‘स्मार्ट घर ३’ या सरकारी प्रकल्पात भारत-स्विस सहकार्यातून आतल्या हवेच्या बारीक बुडबुड्यांमुळे हलके असणारे एएसी काँक्रीट ब्लॉक, गच्चीला उष्णतारोधन आणि वारा खेळवणारी रचना वापरली गेली. आवास योजनेतलीच घरं ती.

प्रश्न : पंखे बदलायला अनुदान आहे का?

उत्तर : त्यासाठी थांबू नका. जुना पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा, साधारण ३०. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात. सगळे एकदम नको. जो पंखा रात्रभर चालतो, तो आधी बदला.