रेट्रो लूकवाली नवीन बाईक घ्यावी का खरी जुनीच गाडी?

भाऊ, रोज चालवाची असेल तर नवीनच घे, जुनी ठेव शौकासाठी. रॉयल एनफिल्डची नवीन क्लासिक ३५० न काय, होंडाची सीबी ३५० न काय, दिसतात जुन्या पण आतून आजच्याच गाड्या हायेत. क्लासिकचं २०२१ पासूनचं इंजिन ३४९ सीसीचं, फ्युएल इंजेक्शन, डिस्क ब्रेक, बटन दाबलं का चालू.

खरी जुनी म्हणजे कास्ट आयर्न इंजिनवाली बुलेट, गिअर उजव्या पायात न ब्रेक डाव्यात. आमच्या काकाजवळ हाये एक. सुरू कराची म्हणजे पूजाच, आधी अँपिअर मीटरचा (करंट दाखवते तो) काटा मधात येईपर्यंत किक हळूहळू दाबाची, मग डीकॉम्प्रेशनचा (इंजिनातला दाब सोडाचा) लिव्हर ओढून किक जराशी खाली सरकवाची, लिव्हर सोडाचा न मगच पूर्ण वजनानं किक माराची, चुकलं तर उलटा झटका असा बसते का पिंडरी चार दिवस लंगडते (मलेही बसला हाये, कपाशीच्या वेचणीत, बाया हासत होत्या ते वेगळंच). वरून ठिणगीचे पॉईंट साफ करा, कार्बोरेटर खोला, न आता तालुक्यात असे मिस्त्री रायलेच किती?

घेतलीच तर आधी आरसी पाय, १५ वर्षांनंतर रजिस्ट्रेशन रिन्यू केलेलं आहे का, न चेसिस नंबर स्वतः घासून जुळव.

बाकी तो धकधक आवाज नवीनमध्ये तसा नाहीच येत, हे मात्र खरं.