'आइन्स्टाइन ऑन द बीच' हा ऑपेरा पुढे सरकवत पाहिला तर काय बिघडते?

आपण विचारले आहे की, 'आइन्स्टाइन ऑन द बीच'चे चित्रीकरण लावले, चाळीस मिनिटांत ना गोष्ट हाती लागली ना शब्दांचा अर्थ, तेव्हा कंटाळून बंद केले. मूळ प्रयोगात प्रेक्षकांना हवे तेव्हा उठून जाण्याची मुभा होती, मग घरी बसून तो पुढे सरकवत किंवा आठवडाभर तुकड्यातुकड्यांनी पाहिला तर काय बिघडते? माझ्या मते जवळजवळ सगळेच बिघडते. हे इतक्या ठामपणे लिहितो आहे, कारण नेमक्या याच मुद्द्यावरून माझे एका जुन्या मित्राशी बिनसले आणि तो वाद आजही मिटलेला नाही.

आधी त्या मुभेविषयी. २५ जुलै १९७६ रोजी फ्रान्समधल्या आविन्यों महोत्सवात हा ऑपेरा पहिल्यांदा झाला, तेव्हा तो जवळपास पाच तास चालला आणि त्यात मध्यंतर नव्हते. दिग्दर्शक रॉबर्ट विल्सन आणि संगीतकार फिलिप ग्लास यांनी प्रेक्षकांना सांगून ठेवले होते की वाटेल तेव्हा बाहेर जा, वाटेल तेव्हा परत या. पण या मुभेचा दुसरा अर्धा भाग कोणी सांगत नाही. तुम्ही बाहेर पडलात म्हणून रंगमंचावरचे काही थांबत नव्हते. आगगाडीचे इंजिन अतिशय संथपणे आत सरकत असताना तुम्ही उठलात, तर परत येईपर्यंत ते आणखी पुढे आलेले असायचे. मधले जे गेले ते गेले. कलाकृती तिच्या वेळेने चालणार आणि आपण आपल्या वेळेने तिच्याकडे येणार-जाणार, असा तो करार होता. हातातल्या रिमोटने तो करार मोडतो. चित्र थांबवले किंवा पळवले की वेळ आपल्या मालकीची होते, आणि या ऑपेरात वेळेखेरीज दुसरे कथानकच नाही.

आता माझी हकीकत सांगतो. आमचा दहा-पंधरा जणांचा एक गट होता; महिन्यातून एकदा एका लहानशा सभागृहात परदेशी नाटकांची आणि ऑपेरांची चित्रीकरणे आम्ही पडद्यावर दाखवत असू. जानेवारी २०१४ मध्ये पॅरिसच्या शातले नाट्यगृहात झालेल्या प्रयोगांचे चित्रीकरण डिस्कवर आले, तेव्हा ते दाखवावे म्हणून मी अक्षरशः मागे लागलो. कामाची सारी व्यवस्था माझा हा मित्र पाहत असे. साडेचार तासांच्या आसपासची लांबी पाहून त्याने आढेवेढे घेतले, पण मी प्रत्येकाला स्वतः फोन करून बोलावले, दरवाजा उघडा ठेवायचे ठरवले आणि रविवारी सकाळी आम्ही सुरुवात केली.

सुरुवातीला जे घडते ते आपणही पाहिले आहेच: दोन स्त्रिया टेबलांशी बसून आकडे आणि असंबद्ध वाटणारी वाक्ये पुटपुटत आहेत, आणि खाली ऑर्गनचे तीन खर्जाचे स्वर पुन्हा पुन्हा उतरत आहेत. मूळ प्रयोगात प्रेक्षक आत शिरत असतानाच हा भाग सुरू झालेला असतो. या छोट्या प्रवेशांना विल्सन 'नी प्ले' म्हणत असे; 'नी' म्हणजे गुडघा. दोन अंकांना जोडणारा सांधा. असे पाच सांधे आणि चार अंकांत मिळून नऊ दृश्ये. पहिल्या तासात दोघेतिघे उठून गेले, त्यातला एक परतला नाही. पण बाकीचे हळूहळू स्थिरावले. पहिले नृत्य सुरू झाले तेव्हा सभागृहातली कुजबुज आपोआप थांबली, कारण इतका वेळ कोंडून धरलेली हालचाल नृत्यदिग्दर्शिका ल्युसिंडा चाइल्ड्सच्या त्या रचनेत एकदम मोकळी होते आणि रिकाम्या मंचावरून नर्तक न थकता आडवेतिडवे वाहत राहतात. आपण चाळीस मिनिटांत थांबलात म्हणजे या नृत्यापर्यंत पोहोचलातच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुढे तुरुंगाच्या दृश्यात बिछान्यावर पहुडलेली स्त्री तीच चार-दोन वाक्ये पुन्हा पुन्हा म्हणू लागली: वातानुकूलित सुपरमार्केटमध्ये गेले होते, तिथे रंगीत स्नानटोप्या होत्या, घ्यावीशी वाटली नाही, पण आपण समुद्रकिनारा टाळत आलो आहोत याची आठवण झाली. हा मजकूरही चाइल्ड्सचाच. एकदा ऐकले तर तो निव्वळ क्षुल्लक आहे. पाचव्यांदा राग येतो. त्यानंतर कधीतरी, नेमके कधी ते सांगता येत नाही, त्या वाक्यांतला मजकूर विरघळतो आणि त्या बाईचा एकटेपणा तेवढा उरतो. पुढे सरकवत पाहणाऱ्याला हा मजकूर एकदाच ऐकू येणार, म्हणजे फक्त क्षुल्लक भाग त्याच्या वाट्याला येणार.

तीन तास उलटून गेल्यावर बिछान्याचे दृश्य आले. काळ्याभोर अंधारात प्रकाशाची एक आडवी पट्टी. माणूस नाही, नेपथ्य नाही. आधी ऑर्गन, मग एका स्त्रीचा आवाज, त्यालाही शब्द नाहीत. ती पट्टी एका टोकाकडून वर उचलली जाऊ लागते, पण इतक्या मंदपणे की हालते आहे हे डोळ्यांना दिसत नाही. मघाशी होती त्यापेक्षा ती आता कललेली आहे एवढेच काही वेळाने लक्षात येते. सगळे दृश्य दहाहून अधिक मिनिटांचे. मी खुर्चीच्या कडेवर आलो होतो. पट्टी जमिनीपासून जेमतेम सुटली असेल, तेवढ्यात पडदा क्षणभर थरथरला आणि पट्टी सरळ उभी होती. मित्राने चित्र पुढे सरकवले होते.

पुढच्या रांगेत एक वयस्कर बाई बसल्या होत्या. ऑपेरा त्या प्रथमच पाहत होत्या. त्या मागे वळून म्हणाल्या, "मधले कुठे गेले?" मी आजवर या कलाकृतीवर जे काही वाचले आहे, त्यात इतका अचूक प्रश्न मला आढळलेला नाही. मित्राने उत्तर दिले, "काही गेले नाही, पट्टी फक्त उभी राहिली." मी डिस्क मागे नेण्याची विनंती केली. लोक कंटाळले आहेत असे म्हणून त्याने ती नाकारली. कंटाळले होते की नव्हते हे त्याने कोणाला विचारले नव्हते. दरवाजा उघडा होता, ज्याला जायचे तो जाऊ शकत होता. बसलेल्या माणसांनी बसण्याची निवड केली होती आणि ती निवड त्याने त्यांच्या वतीने रद्द केली. त्यानंतर मी त्या गटात गेलो नाही.

त्याचे म्हणणे असे की, आवर्तन पाचदा ऐकले काय आणि पन्नासदा ऐकले काय, माहिती तेवढीच मिळते. हे वस्तुतः चूक आहे, आणि ज्याने तबला ऐकला आहे अशा माणसाने तरी ते म्हणू नये. ग्लास पॅरिसमध्ये शिकत असताना १९६५-६६च्या सुमारास रविशंकर यांचे चित्रपटसंगीत पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून देण्याचे काम त्याने केले. अल्लारखाँही तिथे होते, आणि पुढे ग्लासने त्यांच्याकडे तबल्याचे धडे घेतले. लहान लहान मात्रागट एकमेकांना जोडून लांब आवर्तन कसे उभे राहते, हे त्याने तिथून उचलले. म्हणून त्याच्या संगीतात पाच मात्रांचा गट थोड्या वेळाने सहाचा होतो, सहाचा सातचा होतो, पुन्हा आखडतो. गायक 'वन, टू, थ्री, फोर' म्हणतात तेव्हा ते बहुतेक वेळा त्या मात्राच मोजत असतात, आणि 'दो, रे, मी' म्हणतात तेव्हा गात असलेल्या स्वरांची नावे घेत असतात. तालमीत लक्षात ठेवण्यासाठी वापरलेले हे आधार पुढे तसेच मजकूर म्हणून ठेवले गेले. तेव्हा शब्द कळले नाहीत या आपल्या तक्रारीचे उत्तर असे आहे की, आकडे आपल्याला कळलेच आहेत. त्यांच्यामागे दडलेला अर्थ शोधू नका, फक्त मोजणी कुठे बदलते तिकडे कान ठेवा. मोजणी बदलल्याचे तेव्हाच जाणवते, जेव्हा आधीची मोजणी अंगात भिनलेली असते. पुढे सरकवणाऱ्याला ही संधीच उरत नाही.

मित्र आणखी म्हणत असे की हे श्रीमंत रसिकांचे खूळ आहे. १९७६च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये दोन प्रयोग गर्दीने भरले, तरी खर्चाचा डोंगर इतका होता की निर्मिती मोठ्या कर्जात बुडाली आणि ग्लास त्यानंतरही टॅक्सी चालवत होता. खुळासाठी इतकी किंमत कोणी मोजत नाही.

मात्र त्याच्या एका मुद्द्याला मला आजही पुरते उत्तर सापडलेले नाही, आणि तो मुद्दा चित्रीकरणाचाच आहे. विल्सनने हे दृश्यविश्व तीन अंतरांत मांडले आहे: सांधे म्हणजे जवळून पाहिलेले व्यक्तिचित्र, आगगाडी आणि न्यायालयाची दृश्ये म्हणजे मध्यम अंतरावरचे वस्तुचित्र, आणि नृत्ये म्हणजे दूरवरचे निसर्गचित्र. नाट्यगृहात हे अंतर आपण डोळ्यांनी सांभाळतो. कुठे पाहायचे ते आपण ठरवतो. चित्रीकरणात ते दुसराच कोणी ठरवतो. कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला की गालावरचा रंग, बोटांची थरथर दिसते, पण त्याच वेळी मंचाच्या दुसऱ्या टोकाला काय चालले आहे ते निसटते. मित्र म्हणे की, दिग्दर्शकाने निवड केलीच आहे, मग मी थोडी अधिक केली तर काय झाले? माझे एवढेच म्हणणे आहे की, कॅमेऱ्याने जागा निवडली, वेळ नाही. जागेचे नुकसान झाले आहे म्हणून वेळेचेही करून घ्यावे, हा युक्तिवाद मला पटत नाही.

त्या रविवारनंतर मी ते चित्रीकरण घरी एकट्याने पाहिले. एकदाही थांबवले नाही, पण चार वेळा उठलो. एकदा शेजारच्या खोलीत जाऊन काही काळ नुसता पडून राहिलो. भिंतीतून ऑर्गन ऐकू येत होता आणि शब्दांची धार जाऊन नुसते ठोके उरले होते. परत आलो तेव्हा रात्रीच्या गाडीच्या मागच्या सज्जात एक जोडपे उभे होते, चंद्र होता, आणि मी नसताना त्यांच्यात काय घडले ते मला कधीच कळणार नव्हते. डिस्क मागे नेता आली असती, नेली नाही. पुढे इमारतीचे दृश्य आले, तेव्हा त्या गाडीचाच आकार इमारतीत उतरल्याचे लक्षात आले. खिडकीत एक माणूस एकटाच काहीतरी लिहीत होता, आणि खाली जमलेल्या गर्दीत सॅक्सोफोन वाजत होता. चुकलेला भाग मला तिथे वेगळ्या रूपात थोडाफार परत मिळाला. या ऑपेराची रचनाच अशी आहे की आगगाडी, न्यायालय आणि मोकळे मैदान या तीन प्रतिमा फिरून फिरून येतात, त्यामुळे उठून गेलेल्या माणसालाही ती सांभाळून घेते.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. डोळ्यांवर येणाऱ्या तीव्र प्रकाशाचा किंवा डोकेदुखीचा त्रास असेल, तर शेवटचे अंतराळयानाचे दृश्य जपून पाहावे. तिथे दिव्यांची संपूर्ण भिंतच लुकलुकत असते. लॅपटॉपच्या लहान स्पीकरवर खर्जाचे स्वर ऐकूच येत नाहीत आणि सगळ्याचा पायाच जातो, म्हणून निदान चांगले हेडफोन वापरावेत. सलग साडेचार तास मिळणे घरच्या जबाबदाऱ्यांमुळे खरोखरच अशक्य असेल, तर दोन बैठका करा, पण थांबायचे ते सांध्यावर, दृश्याच्या मध्यात नव्हे. आणि हे सगळे करूनही आवडले नाही, तर ती आपली कमतरता मुळीच नाही.

आपण चाळीसाव्या मिनिटाला थांबला आहात, तिथून पुढे सुरू करू नका. पुन्हा पहिल्या सांध्यापासून लावा, रिमोट दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि बिछान्याच्या दृश्यापर्यंत पोहोचलात तर तेवढा वेळ मात्र उठू नका. पट्टी पूर्ण उभी राहिल्यावर ती तिथेच थांबत नाही. तशीच सावकाश वर जाते आणि दिसेनाशी होते. हे त्या सकाळी सभागृहात कोणालाही पाहायला मिळाले नाही, आणि त्या बाईंना ते दाखवायचे माझ्याकडून राहून गेले.