दोन वर्षं कव्हर न निघालेली फियाट

नमस्कार. तुम्ही 48 वर्षांचे, नाशिकला असता, 1969 ची फियाट डिलाइट आहे. बारा वर्षांत साडेआठ लाख घातलेत आणि गेली दोन वर्षं गाडीवरचं कव्हर काढावंसंही वाटत नाही. विकायचं मनात येतं, पण मग बारा वर्षं पाण्यात गेल्यासारखं वाटतं. "मी आळशी झालोय की म्हातारा?" असं तुम्ही विचारलंय. मी 57 चा, पुण्यात राहतो, माझ्याकडे 1967 ची डिलाइट आहे. तुम्ही जिथे आहात तिथे मी 49 व्या वर्षी होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही आळशी नाही आणि म्हातारेही नाही. तुमच्या मजकुरातली दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. एक, "रंगालाच दोन लाख गेले, त्यामुळे आता पावसापाण्याची बाहेर काढत नाही." दुसरं, "काम सगळं वर्कशॉपवाले करतात, मी फक्त पैसे पाठवतो." माझंही नेमकं हेच झालं होतं.

माझी गाडी मी 2009 साली वाईच्या एका निवृत्त शिक्षकांकडून 35 हजारांना घेतली. तळाचा पत्रा इतका खाल्लेला होता की मागच्या सीटवर बसून रस्ता दिसायचा. तेव्हा हातात पैसा नव्हता, रविवार मात्र मोकळे होते. मुंबईत वयाची मर्यादा ओलांडलेल्या पद्मिनी टॅक्सी भंगारात निघत होत्या आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर त्यांचे दरवाजे, काचा, गिअरबॉक्स सहज मिळायचे. डिलाइट आणि पद्मिनी मुळात एकच. 1964 पासून प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात निघालेली ती 1089 सीसीची गाडी, सत्तरच्या दशकात तिचं नाव तेवढं बदललं. त्यामुळे पद्मिनीचं बरंचसं सामान डिलाइटला बसतं. मी सकाळच्या गाडीने जायचो आणि पोत्यात सामान घालून रात्री परत यायचो.

मग रविवारी मेस्त्रींचं गॅरेज. त्यांनी इंजिन बांधलं ते मी शेजारी बसून पाहिलं. गंज मी स्वतः घासला, टॅपेट सेट करायला, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट जुळवायला, त्यांनीच शिकवलं. तळाला वेल्डिंग झालं त्या आठवड्यात आम्ही दोघं गाडी घेऊन खंबाटकीत गेलो. अर्ध्या घाटात एसी पंप (टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ओढणारा पंप) तापला, पेट्रोल चढेना. मेस्त्रींनी फडकं ओलं करून पंपावर टाकलं, आम्ही कठड्यावर बसून शेंगदाणे खाल्ले, वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली. माझ्या या छंदातला सगळ्यात आनंदाचा दिवस कुठला, असं कुणी विचारलं तर मी हाच सांगतो. तेव्हा गाडीला तीन रंगांचे दरवाजे होते.

2015 मध्ये मला बढती मिळाली. पैसे आले, वेळ गेला. मेस्त्रींचे गुडघे गेले, त्यांनी गॅरेज बंद केलं. मी गाडी जुन्या गाड्यांचंच काम करणाऱ्या एका मोठ्या वर्कशॉपकडे दिली. त्यांनी काम उत्तम केलं, तक्रार काहीच नाही. पत्रा उघडा करून रंग, नवं क्रोम, नवी गादी, सगळं. ट्रकवर चढवून नेलेली गाडी अकरा महिन्यांनी ट्रकवरूनच परत आली. मधल्या काळात मला फोटो येत होते आणि बिलं येत होती. गाडी इतकी सुंदर झाली की मी ती मंडईत न्यायचं बंद केलं. ऊन नको, पाऊस नको, सोसायटीच्या पोरांचे चेंडू नकोत. वर्षातून दोन प्रदर्शनं, तिथे खुर्ची टाकून बसायचं, लोकांनी फोटो काढायचे. 2017 च्या दिवाळीत लक्षात आलं की आठ महिन्यांत मी तिला हातही लावलेला नाही.

त्याच काळात वडील आजारी होते आणि मुलीचं कॉलेज सुरू झालं होतं. शिवाय शरीरही बदललेलं असतं, हे आपण बोलत नाही. इग्निशनच्या पॉइंटमध्ये फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालताना मला पहिल्यांदा जवळचा चष्मा शोधावा लागला आणि मी तो गेज तसाच डब्यात ठेवून दिला. गाडीखाली सरपटत जाणं तर पाठीने केव्हाच बंद केलं होतं. एकेक गोष्ट लहान असते. पण दरवेळी काहीतरी आडवं आलं की माणूस तिकडे फिरकतच नाही, आणि मग त्यालाच "उत्साह संपला" म्हणतो. मला फियाटचा कंटाळा आलेला नव्हता. फियाटच्या कामातून मी बाहेर पडलो होतो, आणि चालवण्यातूनही. मग उरलं होतं काय? मालकी आणि काळजी.

साडेआठ लाखांचं स्पष्ट सांगतो. ते गेले. गाडी ठेवली तरी गेले आणि विकली तरी तेवढे परत येणार नाहीत. म्हणून त्या आकड्याला या निर्णयात आणू नका. आणि वर्षं वाया गेली म्हणता, तर त्यातच तुम्ही लिहिलंय की तुमचा मुलगा हँडगिअरवर, म्हणजे स्टिअरिंगजवळच्या गिअरवर, गाडी शिकला आणि गंगापूर धरणाच्या रस्त्यावर त्याने पहिल्यांदा चौथा गिअर टाकला. ते वर्ष कुठल्या हिशोबाने वाया गेलं?

मी काय केलं ते सांगतो. माझ्याकडे तेव्हा आणखी एक गाडी होती. पन्नासच्या दशकातली डुक्कर फियाट, तीही सुटी, अकरा खोक्यांत आणि एका शेडमध्ये. शेडचं भाडं दरमहा जायचं. ती 2019 मध्ये कोल्हापूरच्या एका तिशीतल्या मुलाला देऊन टाकली, मिळाले त्या पैशात. वाईट वाटेल म्हणून दोन वर्षं टाळत होतो. प्रत्यक्षात टेम्पो गेला त्या रात्री मला शांत झोप लागली, आणि पुढच्याच रविवारी मी डिलाइटचं बोनेट उघडलं. ती अर्धवट खोकीच मला खात होती, ते तोवर कळलं नव्हतं. तुमच्याकडेही "कधीतरी लागेल" म्हणून साठवलेलं सामान असणार. आधी त्याला वाट द्या. आता त्याला घेणारेही आहेत. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची 20 वर्षांची वयोमर्यादा भरली, त्यामुळे टॅक्सीतून सामान मिळायचा तो ओघ थांबला.

मग डिलाइट मी पुन्हा रोजच्या रस्त्यावर आणली. तिसऱ्याच आठवड्यात मंडईत हातगाडीने मागचा मडगार्ड घासला. ती संध्याकाळ फार वाईट गेली. तो ओरखडा मी मुद्दाम भरला नाही, आजही तसाच आहे. त्यानंतर मी पावसातही गाडी काढायला लागलो. घरी आल्यावर खालून पाणी मारून पुसून ठेवतो, एवढंच.

म्हणून विकायचं की नाही हे आज ठरवू नका. आधी गाडी चालती करा, आणि हे काम वर्कशॉपला पाठवू नका. दोन वर्षं उभी आहे म्हणजे टाकीतलं पेट्रोल गेलेलं आहे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल धरतं, पाणी तळाला बसतं आणि टाकी आतून गंजते. सेल्फ मारायच्या आधी टाकी उतरवून रिकामी करा. जुन्या रबराच्या नळ्या सरसकट बदला, एसी पंपाचा डायाफ्रामही (आतला लवचीक पडदा). कार्बोरेटर खोलून धुवा. चारही चाकांचे ड्रम काढून ब्रेक दाबणारे व्हील सिलिंडर बघा, अडकलेले असण्याची शक्यता बरीच आहे. ब्रेकचं काम मात्र जाणत्या मेस्त्रीला शेजारी बसवूनच करा. गाडीखाली जायचं काम मुलाला द्या, चष्मा खिशात ठेवा. महिनाभराचे रविवार लागतील. रंग, क्रोम, गादी यांना या महिन्यात हात लावायचा नाही.

कागदांचं एक. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात असलेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेतला व्हिंटेज क्रमांक मिळतो, 20 हजार शुल्क आणि दहा वर्षांची नोंदणी. तुमची गाडी त्यात बसते आणि तुम्हाला कुणीतरी तो घ्यायचा सल्ला दिलाय. पण त्या क्रमांकावर गाडी रोजच्या रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कामांना ती काढायची. तुम्हाला सापुताऱ्याला जायचं असेल तर साधी नोंदणीच ठेवा, पाच वर्षांनी पासिंग करा, हरित कर भरा. मी तेच केलंय.

गाडी सुरू झाली की दिवाळी ते होळी चालवा. दूध आणायला न्या, लग्नाला न्या. त्यानंतरही चावी हातात घ्यावीशी वाटली नाही, तर विका. मनात काही न ठेवता विका. चालत्या, कागद पूर्ण असलेल्या गाडीला गिऱ्हाईक चांगलं मिळतं आणि किंमतही. उभ्या गाडीला भंगारवाला आणि दलाल येतात.

इथेनॉलला टिकणाऱ्या डायाफ्रामचे दोन संच मी मागे नाना पेठेतून आणले होते, त्यातला एक तसाच पडून आहे. टाकी उतरवलीत की कळवा, कुरिअरने पाठवतो.