वाचकांचे प्रश्न : जनरल स्लिम यांची कर्तबगारी

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातील सेनापती म्हटले की रोमेल, माँटगोमेरी, पॅटन ही नावे चटकन आठवतात. ब्रह्मदेशात जपानी सैन्याचा पराभव करणाऱ्या विल्यम स्लिम यांचे नाव मात्र क्वचितच निघते. त्यांचे कर्तृत्व नेमके कशात होते?

उत्तर : नाव मागे पडण्याचे कारण सरळ आहे. ब्रिटनचे लक्ष आधी युरोपवर होते आणि पूर्वेकडे जी काही प्रसिद्धी मिळाली, ती बरीचशी सरसेनापती माउंटबॅटन यांच्या वाट्याला आली. स्लिम यांना स्वतःभोवती वलय निर्माण करण्याची हौसही नव्हती. बर्मिंगहॅममधील बेताच्या परिस्थितीतल्या कुटुंबात वाढलेला हा माणूस शिक्षक व कारकून म्हणून काम करून पहिल्या महायुद्धात सैन्यात शिरला, तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या लढाईत जखमी झाला आणि पुढे भारतीय सैन्यातील गुरखा पलटणीत रमला.

मार्च १९४२ मध्ये ते ब्रह्मदेशात पोहोचले तेव्हा रंगून आधीच पडले होते. त्यानंतर इंफाळपर्यंत जी सुमारे १,४५० किलोमीटरची माघार झाली, ती ब्रिटिश सैन्याच्या इतिहासातील सर्वांत लांब माघार मानली जाते. माझ्या मते स्लिम यांची खरी कर्तबगारी या माघारीनंतरच्या दीड-दोन वर्षांत आहे, लढाईच्या नकाशावर ती फारशी दिसत नाही. १९४३ च्या अखेरीस त्यांच्याकडे चौदावी सेना आली. तिच्यात बहुसंख्य सैनिक भारतीय होते. त्या वर्षी एका जखमी सैनिकामागे १२० आजारी सैनिक आघाडीवरून हलवावे लागत होते. स्लिम यांनी रुग्णांना भारतात दूरवर पाठवण्याऐवजी आघाडीच्या जवळच उपचार केंद्रे उभारली आणि हिवतापावरील मेपाक्रीनच्या गोळ्या घेणे सक्तीचे केले. अचानक केलेल्या रक्ततपासणीत ९५ टक्क्यांहून कमी सैनिकांनी गोळ्या घेतल्याचे आढळले, तर पलटणीच्या प्रमुखालाच घरचा रस्ता दाखवला जाई. असे तीन अधिकारी गेल्यावर बाकीच्यांना वेगळे सांगावे लागले नाही. रेशमी हवाई छत्र्या मिळेनात, तेव्हा रसद टाकण्यासाठी कलकत्त्याच्या तागाच्या छत्र्या वापरण्यात आल्या.

या तयारीमुळेच वेढ्यात सापडलेल्या तुकड्यांना मागे न फिरता विमानातून मिळणाऱ्या रसदीवर लढत राहणे शक्य झाले. फेब्रुवारी १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील आराकानात हा प्रयोग यशस्वी झाला आणि मार्चपासून इंफाळला तोच मोठ्या प्रमाणावर झाला. जपानी सेनापती मुतागुची यांनी जेमतेम तीन आठवड्यांच्या शिध्यावर सैन्य पुढे ढकलले होते. ते इंफाळच्या मैदानापर्यंत येऊ द्यावे आणि पुरवठा तुटला की मोडावे, हा स्लिम यांचा डाव होता. कोहिमावर मात्र एखादीच जपानी रेजिमेंट येईल असा त्यांचा अंदाज होता आणि प्रत्यक्षात अख्खी डिव्हिजन (अनेक रेजिमेंटांचे मोठे दल) आली. ही चूक त्यांनी पुढे आपल्या आठवणींत स्पष्टपणे मांडली; सेनापतींच्या आत्मचरित्रांत असे क्वचितच आढळते.

१९४५ मध्ये मंडालेवर चाल केल्याचा देखावा करून त्यांनी एक कोअर (अनेक डिव्हिजनांचे दल) गुपचूप दक्षिणेला वळवली, इरावती नदी ओलांडली आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात मेक्तिला हे शहर घेऊन जपान्यांची रसदच तोडली. मंडाले २० मार्चला पडले.

प्रश्न : युद्धानंतर त्यांचे काय झाले?

उत्तर : रंगून हाती येताच वरिष्ठ सेनापती लीस यांनी त्यांना पदावरून हलवण्याचा घाट घातला. प्रत्यक्षात लीस यांनाच जावे लागले आणि त्यांची जागा स्लिम यांना मिळाली. १९४८ मध्ये पंतप्रधान ॲटली यांनी आधीचे सेनाप्रमुख माँटगोमेरी यांनी सुचवलेले नाव बाजूला सारून त्यांना ब्रिटिश सेनाप्रमुख केले. १९५३ ते १९६० या काळात ते ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर जनरल होते. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले. ऑस्ट्रेलियातील त्या कार्यकाळात ब्रिटनमधून तेथे पाठवलेल्या मुलांचे त्यांनी लैंगिक शोषण केले, असे आरोप त्यांच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी पुढे आले. त्यांच्या मुलाने ते फेटाळले आणि न्यायालयात त्या आरोपांचा निवाडा कधीच झाला नाही. तरीही कॅनबेऱ्यातील स्लिम यांच्या नावाच्या रस्त्याचे नाव त्यानंतर बदलण्यात आले.