पुढचा शॉकप बसतो, गळतो, वाजतो: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (देवगड): दीडशे सीसीची गाडी आहे, साधे टेलिस्कोपिक शॉकप. महिन्यातून दोनतीनदा फोंडाघाटातून कोल्हापूरला जाणं असतं, उतरताना मागे बायको आणि सामान, ब्रेक लावला की गाडी पुढून एकदम बसते. गॅरेजवाल्याने जाड ऑइल टाकून दिलं. घाटात जरा बरं वाटतं पण गावातल्या रस्त्यावर प्रत्येक खड्डा मनगटात कळतो. आता मीच घरी ऑइल बदलायचं म्हणतोय, कुठल्या नंबरचं टाकू?

उत्तर: नंबर सांगतो, पण आधी हे बघा की शॉकपमध्ये दोन वेगळी कामं चालतात. वजन पेलते स्प्रिंग. ऑइल फक्त वेग ठरवतं, म्हणजे स्प्रिंग किती झपकन दबेल आणि किती झपकन परत येईल ते. घाटात तुम्ही ब्रेक धरूनच ठेवलाय तर गाडी शेवटी किती बसणार हे स्प्रिंगच ठरवते, जाड ऑइलने ती तेवढीच बसते, फक्त सावकाश बसते म्हणून बरं वाटतं. आणि त्याची किंमत खड्ड्यात मोजावी लागते, कारण आपल्या साध्या शॉकपमध्ये ऑइल ठरावीक मापाच्या भोकांतून जातं, दबण्याचा वेग दुप्पट झाला की अडथळा साधारण चौपट होतो, त्यात ऑइल जाड म्हटल्यावर तीक्ष्ण कडेच्या खड्ड्यात शॉकप दबायला तयारच होत नाही आणि धक्का सरळ हँडलला येतो. शिवाय परत यायलाही वेळ लावतो. पावसाळ्यानंतर आपल्याकडे ओळीने खड्डे असतात, पहिल्यातून वर यायच्या आत दुसरा, मग तिसरा, शॉकप दबतच जातो आणि उरतं ते लोखंड. तुमच्या मनगटाचं दुखणं हेच आहे.

म्हणून जाड ऑइल काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलेलाच नंबर टाका, पुष्कळ गाड्यांना तो 10 डब्ल्यू असतो पण तुमच्या गाडीचा खात्री करून घ्या, एका बाजूला किती मिली ते पण विचारा. एका कंपनीचं 10 डब्ल्यू दुसऱ्या कंपनीच्या 10 डब्ल्यूएवढंच जाड असेल असं नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंना एकाच बाटलीतलं घाला. इंजिन ऑइल घालू नका, स्वस्त पडतं हे खरं, पण शॉकपमध्ये ते सतत घुसळलं जातं आणि फेस धरतं, फेसात हवा असते आणि हवा भोकातून सुळकन निघून जाते.

गाडी उघडायच्या आधी एक माप घ्या. गाडी मेन स्टँडवर, पुढचं चाक अधांतरी, शॉकपच्या चकचकीत पाइपची उघडी लांबी पट्टीने मोजा. मग गाडी खाली घेऊन रोजच्या कपड्यात, हेल्मेटसकट बसा, कोणाला तरी गाडी धरायला सांगा आणि तीच लांबी परत मोजा. शॉकपची चाल, म्हणजे तो एकूण किती दबू शकतो ते, 120 मिमी असेल तर फरक 30 ते 40 मिमी यायला हवा. जास्त आला तर स्प्रिंगवर 10 मिमीचा स्पेसर, म्हणजे पाइपचा छोटा तुकडा, घालून बघा, एकदम 25 घालायच्या फंदात पडू नका. स्पेसरने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी पुढून थोडी उचलली जाते आणि खाली दबायला जागा मिळते एवढंच. पाइपवर एक केबल टाय सैलसर बांधून घाट उतरून या, टाय कुठपर्यंत सरकला त्यावरून किती चाल वापरली गेली ते कळतं. चाल सगळी संपत असेल तर ऑइलची लेव्हल थोडी वाढवायची. वर हवेला जागा कमी उरली की शेवटच्या टप्प्यात शॉकप आपोआप घट्ट होतो आणि सुरुवातीचा मऊपणा तसाच राहतो. पाइप आतून 26 मिमीचा असेल तर 5 मिली ऑइलने लेव्हल साधारण 10 मिमी चढते, इतका थोड्याचा फरक पडतो, म्हणून 5 मिलीच्या पुढे एका वेळी जाऊ नका. जास्त झालं तर हवेचा दाब सील, म्हणजे ऑइल आत अडवणारी पाइपभोवतीची रबरी कडी, फोडतो.

आता काम. पडवीत सपाट जागा बघा, गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिनखाली फळी आणि जॅक, आणि मी तर वरच्या वाशाला दोरी पण बांधतो, गाडी अंगावर आली तर एकट्याला सावरत नाही. कॅलिपर, म्हणजे डिस्कला पॅडनी धरणारा ब्रेकचा भाग, काढून तारेने टांगा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका, आणि दोन पॅडमध्ये पुठ्ठा घाला म्हणजे कोणी पोराने लिव्हर दाबली तरी पिस्टन बाहेर येणार नाही. चाक आणि मडगार्ड निघालं की वरच्या क्लॅम्पचा बोल्ट सैल करा आणि शॉकप गाडीत असतानाच वरची टोपी फक्त एक आटा सोडवून ठेवा, बाहेर काढल्यावर ती धरायला काही नसतं. मग शॉकप गाडीतून बाहेर काढा. टोपीखाली स्प्रिंग दबलेली असते, शेवटच्या आट्याला ती उसळते, त्यामुळे तोंड बाजूला, डोळ्यावर चष्मा आणि वरून तळव्याने दाबून सोडवा, हे मी कळकळीने सांगतोय.

ऑइल मापाच्या भांड्यात उपडं करा, दहापंधरा वेळा पंप मारा, मग रात्रभर उलटं टांगून ठेवा. जुन्या ऑइलला कुजका वास येतो, राखाडी किंवा दुधाळ निघालं तर समजा पाणी गेलंय. किती निघालं ते लिहून ठेवा, दोन्ही बाजूंना फरक असेल तर कमी असलेल्या बाजूचं सील बघा. स्प्रिंग जशी निघाली तशीच परत जाणार, कुठलं टोक वर होतं त्याचा मोबाइलवर फोटो काढा. नवीन ऑइल घालून सावकाश पंप मारा, हवेचे बुडबुडे बसू द्या, मग स्प्रिंग न घालता शॉकप पूर्ण दाबून वरच्या कडेपासून ऑइलपर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही बाजूंना ते सारखं यायला पाहिजे, मिलीपेक्षा मी या मापावर जास्त भरवसा ठेवतो कारण आत थोडं जुनं राहतंच. चाक बसवल्यावर एक्सलच्या टोकाचा क्लॅम्प बोल्ट लगेच आवळू नका, गाडी खाली घेऊन मागचा ब्रेक धरून पुढून चारपाच वेळा दाबा, दोन्ही पाइप आपापल्या सरळ रेषेत बसतात, मग आवळा. निघायच्या आधी ब्रेकची लिव्हर दोनचारदा दाबून घट्ट लागते ना ते बघा.

आणि घाट उतरताना एक गिअर खाली ठेवा, मागचा ब्रेक आधी थोडा आणि मग पुढचा, गाडी निम्मी कमी बसल्यासारखी वाटेल. मागे माणूस असेल तेव्हा मागच्या शॉकपच्या खाचा एकदोन वर घ्या, खाचेचा पाना टूलकिटमध्ये असतो. निघालेलं जुनं ऑइल पऱ्यात किंवा माडाच्या आळ्यात ओतू नका हो, ते शेवटी विहिरीत येतं. बाटलीत भरून गॅरेजवाल्याच्या पिंपात द्या.

प्रश्न (गुहागर): नोकरीसाठी आठवड्यातून दोनदा दाभोळ-धोपावे फेरीबोटीने दापोलीला जातो. वर्षात तिसऱ्यांदा उजव्या शॉकपचं सील गेलं. सील डुप्लिकेट येतात का?

उत्तर: डुप्लिकेट येतात, पण एकाच बाजूचं तिसऱ्यांदा गेलं म्हणजे मला संशय पाइपचा आहे. माझ्या स्वतःच्या गाडीचं एका पावसाळ्यात दोनदा सील बदलून दिलं गेलं, पाइपवर कोणी बोट फिरवून बघितलं नाही आणि मीही बघितलं नाही. नंतर नख फिरवलं तर मोहरीच्या निम्म्याएवढा खड्डा लागला, क्रोमला मिठाने खाल्लेला. तो प्रत्येक दाबाला सीलचं ओठ खरवडत होता. तुम्ही पाइप पुसून नख चहूबाजूंनी फिरवा किंवा कापूस फिरवा, तंतू जिथे अडकेल तिथे खड्डा. सील जिथवर पोचतं त्या भागातलाच खड्डा त्रास देतो, वर क्लॅम्पजवळचा गंज दिसायला वाईट पण तसा निरुपद्रवी. बारीक खड्डा असेल तर गंज साफ करून एपॉक्सी भरा आणि सुकल्यावर 2000 नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून पाइपच्या बरोबरीला आणा. मोठा असेल किंवा पापुद्रे सुटत असतील तर पाइपच बदला, नाहीतर चौथं सील पण फुकट.

पाइप गुळगुळीत निघाला तर सील बदलायच्या आधी एक उपाय. वरचं डस्ट सील हलकेच उचला, जुन्या एक्सरेच्या फिल्मची पट्टी कापून तिला टोकाला हुकासारखी खाच द्या आणि सीलच्या ओठाखाली घालून गोल फिरवा, वाळू नाहीतर जांभ्याची लाल माती बाहेर येते. कितीतरी वेळा गळणं एवढ्यानेच थांबतं. पण ऑइल डिस्कवर किंवा पॅडवर उतरलं असेल तर गाडी तिथेच थांबवा. डिस्क पुसून चालते, ऑइल प्यायलेले पॅड बदलावेच लागतात.

फेरीतून उतरलात की घरी पोचल्यावर गोड्या पाण्याने पाइप धुवा, नळी लांबून धरा, वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा सीलवर मारू देऊ नका. मग कोरडं पुसून कापडाने सिलिकॉनचा पुसट हात मारा. मी किनाऱ्याला राहतो म्हणून दोन पावसाळे झाले की ऑइल बदलतोच, गाडी किती चालली ते बघत नाही.

प्रश्न (मालवण): ऑइल नवीन, सील नवीन, तरी ब्रेक मारला की पुढून टक् असा आवाज येतो. ऑइल कमी पडलं का?

उत्तर: कोनसेट बघा, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग. पुढचं चाक उचलून दोन्ही शॉकपची खालची टोकं धरून पुढेमागे हलवा, खुळखुळ लागली तर कोनसेट सैल आहे. हँडल वळवताना मध्यावर खाचेत बसल्यासारखं वाटलं तर आवळून भागणार नाही, कोनसेट बदलावा लागेल. तो ठीक निघाला तर कॅलिपरचे बोल्ट आणि पॅडची पिन तपासा, मगच ऑइलवर या.