सावलीच्या अंगणात गुलाब फुलेल का?

अंगणात मोठा कडुनिंब असून खाली दिवसभर सावली राहते, तेथे गुलाब लावावा का, असा आपला प्रश्न आहे. दाट सावलीत लावू नये. भरपूर फुलण्यासाठी गुलाबाला साधारण 6 तास ऊन लागते, ते न मिळाल्यास फांद्या लांबुडक्या होतात आणि पालाच तेवढा वाढतो. मात्र सकाळचे 4-5 तास ऊन येणारी पूर्वेकडील कडा असेल, तर दुपारची सावली विदर्भात उपकारकच ठरते, कारण मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकला की उघड्यावरच्या कळ्या उमलण्याआधीच करपतात.

खरी अडचण काळ्या मातीची आहे. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते, सावलीत लवकर वाळतही नाही, त्यामुळे मुळे कुजतात आणि पानांवर काळे ठिपके पडून ती पिवळी होऊन गळतात. म्हणून वाफा वीतभर उंच करावा, त्यात रेती व कुजलेले शेणखत मिसळावे आणि पाणी सकाळी बुंध्याशीच द्यावे.

माझ्याकडे न्हाणीच्या भिंतीआड गावठी गुलाब तीन वर्षे नुसता पाल्यावर होता. कुंडीत काढून तुळशी वृंदावनाजवळ ठेवला, तेव्हा दिवाळीनंतर त्याला पहिली कळी आली.