शाळेबाहेरचा संगणक : पालकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी चौथीत आहे. घरी संगणक नाही आणि एकुलता एक मोबाइल वडील कामावर नेतात. तिला संगणकाची गोडी कशी लावावी?

उत्तर : पुठ्ठ्याच्या पाच कार्डांवर अनुक्रमे 1, 2, 4, 8 आणि 16 ठिपके काढा. काही कार्डे उघडी आणि काही पालथी ठेवून 19 ही संख्या दाखवायला सांगा. 16, 2 आणि 1 उघडी ठेवली की ती मिळते. पुढचे कार्ड मागच्याच्या दुप्पट असते, हे मात्र आपण सांगू नये, तिलाच उमगू द्यावे. शून्यापासून 31 पर्यंतची प्रत्येक संख्या एकाच रीतीने मांडता येते आणि संगणकही आतून याच द्विमान (फक्त 0 आणि 1 वापरणाऱ्या) पद्धतीने संख्या साठवतो. न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाचे प्राध्यापक टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाविना संगणकशास्त्र शिकवण्याचे असे अनेक खेळ जगभर पोहोचवले आहेत. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिला, तर इंग्रजीची 26 अक्षरे या पाच कार्डांत बसतात. मग आपली वर्णमाला बसवायला किती कार्डे लागतील, हे तिला अवश्य विचारा. सहावे कार्ड तिने स्वतःहून मागितले, तर तिला विषय कळू लागला आहे असे खुशाल समजा.

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे. वर्षभरात ॲप बनवायला शिकवतो, असे एक महागडा क्लास सांगतो. घालावे का?

उत्तर : घालू नये. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येही कोडिंगचा विचार सहावीपासूनच्या टप्प्यात केला आहे. टॅबलेट असेल तर पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी तयार केलेले, सूचनांचे ठोकळे जोडून गोष्टी आणि खेळ बनवण्याचे स्क्रॅचज्युनिअर हे मोफत ॲप पुरेसे आहे.

प्रश्न : पाचवीतली मुलगी स्क्रॅचवर, म्हणजे सूचनांचे ठोकळे जोडून खेळ बनवण्याच्या संगणकभाषेच्या संकेतस्थळावर, दुसऱ्यांचे खेळ घेऊन त्यांत फक्त बदल करत बसते. ही नक्कल नव्हे का?

उत्तर : नव्हे. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबने 2007 मध्ये खुले केलेल्या स्क्रॅचमध्ये दुसऱ्याचा प्रकल्प आतून पाहण्याची आणि मूळ कर्त्याचे श्रेय राखून त्यात बदल करण्याची सोय मुद्दाम ठेवलेली आहे. खेळातले मांजर भिंतीतून आरपार का जाते, हे शोधताना ती दुसऱ्याचा विचार वाचायला शिकते, आणि माझ्या मते कोऱ्या पडद्यासमोर बसवण्यापेक्षा ही सुरुवात अधिक चांगली आहे. काय बदलले आणि का बदलले, हे तिला आजीला समजावून सांगू द्या. ती अडली तरी माउस आपल्या हातात घेऊ नका. स्क्रॅचवरच्या खात्याला मात्र तिचे खरे नाव देऊ नये.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. दोन लॅपटॉप आहेत, इंटरनेट बेभरवशाचे. शाळा सुटल्यावर मुलांचे संगणक मंडळ चालवता येईल का?

उत्तर : नक्की येईल. स्क्रॅच एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते. प्रत्येक लॅपटॉपवर दोघांची जोडी बसवा, एकाने सांगावे आणि दुसऱ्याने करावे. दर दहा मिनिटांनी भूमिका बदला आणि उरलेल्यांना तोवर कार्डांचे खेळ द्या. मिश्र जोडीत माउस बहुधा मुलाकडेच राहतो, म्हणून पहिली पाळी मुलीला द्यावी.